चाक यंत्राच्या हाती, दोष माणसाच्या माथी

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टेम्पी शहरात १८ मार्च २०१८ रोजी रात्री दहाच्या सुमारास एक स्त्री आपली सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडीत होती. उबर कंपनीची चाचणीसाठी रस्त्यावर आणलेली स्वयंचलित मोटार तिच्यावर आदळली आणि तीत तिचा अंत झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताची कसून चौकशी केली. यंत्राला ती दिसलीच नव्हती असे नाही. धडकेच्या ५.६ सेकंद आधी ती दिसली होती. पण ती मोटार आहे, सायकल आहे की आणखी काही, हे ठरविण्यातच यंत्राने तो वेळ घालविला. आखून दिलेली जागा सोडून कोणी माणूस भलतीकडेच रस्ता ओलांडील, ही शक्यता आराखडा करणाऱ्यांनी जमेस धरली नव्हती! मूळच्या व्होल्व्हो मोटारीत संकटसमयी आपोआप ब्रेक लावण्याची सोय होती. यंत्राच्या हाती चाक असताना ती बंद ठेवण्यात येई. पूर्वी अशा मोटारीत दोन कर्मचारी बसत. त्यांतील एक कंपनीने कमी केला होता आणि उरलेली एकटी कर्मचारी मोबाइलच्या पडद्यावर करमणुकीचा कार्यक्रम पाहत होती.

कंपनीला फौजदारी जबाबदारीखाली आणण्यास आधार नाही, असे सरकारी वकिलांनी मार्च २०१९ मध्ये जाहीर केले. खटला झाला तो त्या कर्मचारी स्त्रीवर. जुलै २०२३ मध्ये तिने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली ठेवण्याची शिक्षा झाली. ती निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्यांनी ब्रेक बंद ठेवला, ज्यांनी दुसरा माणूस काढून घेतला आणि ज्यांच्या हिशेबात पादचारी बसलाच नाही, ते सारे न्यायालयाच्या पायरीपर्यंतही आले नाहीत, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही.

एकसुरी पहारा माणसाला झेपत नाही, हे काही नवे ज्ञान नव्हे. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने ब्रिटिश हवाई दलातील रडारवरच्या पहारेकऱ्यांच्या प्रश्नावरून प्रयोग केले आणि १९४८ मध्ये निष्कर्ष मांडले. घड्याळासारख्या तबकडीवरील काटा मधूनच दुप्पट उडी घेई. ती उडी टिपावयाची, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष ढळू लागे. यंत्र जितके बिनचूक, तितका राखणदार गाफील, हा माणसाचा स्वभावच आहे. तरीही बाजारात विकल्या जाणाऱ्या चालक-साहाय्यक यंत्रणांची सारी इमारत याच राखणदारावर उभी आहे. वेग, अंतर आणि चाक यंत्र सांभाळते. चालकाने फक्त सदैव सावध असावयाचे! माहितीपुस्तिकेत तसे छापलेले असते. जाहिरातीचा सूर मात्र निराळा असतो, आणि गिऱ्हाइकाच्या कानात राहतो तो जाहिरातीचा.

टेस्ला कंपनीने आपल्या यंत्रणेला ‘ऑटोपायलट’ हे नाव दिले. एप्रिल २०१९ मध्ये फ्लॉरिडातील की लार्गो येथे ही यंत्रणा चालू असलेल्या मोटारीचा चालक खाली पडलेला फोन उचलण्यासाठी वाकला. मोटार रस्ता संपतो त्या तिठ्यावर न थांबता पुढे उभ्या असलेल्या गाडीवर गेली आणि एका तरुणीचा प्राण गेला. चालकाचा पाय प्रवेगकावर होता, सबब दोष त्याचाच, असा कंपनीचा बचाव होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ज्यूरीने दोन तृतीयांश दोष चालकाच्या आणि एक तृतीयांश कंपनीच्या पदरी टाकला व कंपनीने २४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी असा निर्णय दिला. कंपनीने अपिलाची भाषा केली. अपिलात काहीही होवो, दोषाची वाटणी होऊ शकते, हे त्या सुनावणीने दाखविले.

ब्रिटनच्या पार्लमेंटने मे २०२४ मध्ये केलेला कायदा याहून पुढे जातो. मान्यताप्राप्त यंत्रणा स्वतः मोटार हाकीत असेल, तेव्हा हाकण्यातील दोषाबद्दल आतील माणसावर खटला भरता येणार नाही. उत्तर द्यावयाचे ते मान्यता घेणाऱ्या संस्थेने. शिवाय, जी मोटार स्वतः चालत नाही ती स्वतः चालते असा ग्राहकाचा गैरसमज करून देणारी जाहिरात, हा गुन्हा.

भारतात हा प्रश्न परका राहिलेला नाही. चाकणला तयार होणाऱ्या मोटारींतही २०२१ पासून अशी साहाय्यक यंत्रणा मिळू लागली. तिचे स्वागतच केले पाहिजे. चालकाची डुलकी लागली असताना ऐन वेळी लागलेला ब्रेक कोणाला नको आहे? मात्र २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत जवळजवळ पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता. टेम्पीच्या यंत्राला जो माणूस अपवाद वाटला, तो येथील प्रत्येक रस्त्यावर नियम आहे. त्याच्या वारसांनी दाद कोणाकडे मागावयाची? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘चालक’ या शब्दाची व्याख्या आहे. दुसऱ्या वाहनाने ओढून नेल्या जाणाऱ्या बंद गाडीचे चाक धरून बसलेला माणूसही तीत आवर्जून घातला आहे. चाक धरणाऱ्या यंत्राचा, आणि ते यंत्र विकणाऱ्याचा, तीत उल्लेख नाही.