आधी सूर, मग गाणं

घरातल्या मुलाने क्लॅरिओनेट हातात घेतलं की आठवडाभरात पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो : एखादं गाणं येतं का? माझं स्पष्ट मत आहे की पहिला महिनाभर हा प्रश्न कुणी विचारू नये. या वाद्यावर आधी कमवायचा असतो तो एकच सूर. सरळ, भरलेला, न किंचाळणारा.

वरात, उरुसाचा संदल, गणपतीची मिरवणूक, सगळीकडे आपण क्लॅरिओनेट ऐकलेलं असतं. सिनेमाच्या गाण्यांच्या मास्टर इब्राहिम यांनी वाजवलेल्या धुनीही जुन्या रसिकांना आठवत असतील. वाजवणारा इतक्या सहज वाजवतो की आपल्याला वाटतं, छातीत दम असला की झालं. म्हणूनच शिकाऊ मुलाला पहिला सल्ला मिळतो, "जोरात फुंक!" नेमका तोच सल्ला घात करतो.

इथे आवाज निघतो तो रीडमधून. रीड म्हणजे बोरूच्या जातीच्या काडीतून कापलेली पातळ पट्टी. ती माउथपीसवर नीट मध्यभागी, टोकाला टोक जुळवून बसवावी लागते आणि वाजवण्याआधी ओली करावी लागते. खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित आत वळवायचा, वरचे दात माउथपीसवर टेकवायचे, ओठांच्या कडा घट्ट ठेवायच्या आणि एकसारखा श्वास सोडायचा. भीतीने जबडा आवळला की रीड गुदमरते. माउथपीस तोंडात जास्त घेतला किंवा बोटाखालचं छिद्र जरासं उघडं राहिलं, तर आवाज चिरकतो. यातली एकही गोष्ट दम कमी असल्याची खूण नाही.

तरी अनेकदा नवशिक्याच्या वाट्याला येते ती मोठ्यांनी टाकून दिलेली, टोकाला चिरलेली किंवा फार कडक रीड. मुलगा लाल होईपर्यंत फुंकतो, चिरका आवाज निघतो, घरचे हसतात. मग तो स्वतःच ठरवतो, हे आपलं काम नाही. डीजेने आधीच बँडवाल्यांचं काम हिरावलं आहे. उरलेला एखादा वादक आपण अशा हसण्यात गमवावा?

कुणी म्हणेल, गाण्याशिवाय पोराचं मन रमेल कसं? रमतं. दोन नंबरच्या आसपासची मऊ, धड रीड द्या. आधी नुसता माउथपीस आणि त्याखालची छोटी नळी, बॅरल, एवढंच रोज दहा मिनिटं वाजवू द्या. मग पूर्ण वाद्यावर उस्तादाने एक सूर लांबवावा आणि मुलाने त्यात आपला मिसळावा. दोन्ही सूर एक झाले की खोली भरून जाते. तो आनंद मोडक्यातोडक्या गाण्यात नाही.

म्हणून मूल अडलं तर "दम नाही" म्हणण्याआधी त्याची रीड उजेडात धरून पाहा.