शिवलकरांचं काय चुकलं? काहीच नाही.

आमच्या ट्रेनिंगच्या धंद्यात काही गोष्टी अशा आहेत की त्या प्रत्येक सेमिनारमध्ये येतातच. चोच आपटून फोडणारा गरुड, उकळत्या पाण्यातला बेडूक, आणि गेली काही वर्षं ‘मिलियन डॉलर आर्म’ हा सिनेमा. मागच्या आठवड्यात आपल्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी त्याची क्लिप परत टाकली आणि खाली पंचवीस जणांनी हात जोडले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन भालाफेक करणारी पोरं. २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून त्यांची निवड झाली, अमेरिकेला नेऊन त्यांना बेसबॉलचा पिचर बनवलं (पिचर म्हणजे आपल्या भाषेत बोलर), आणि त्याच वर्षाअखेर पिट्सबर्ग पायरेट्स या मोठ्या क्लबनं दोघांना करारावर घेतलं. ज्यांनी आयुष्यात बेसबॉलचा चेंडू हातात धरला नव्हता त्यांनी हे केलं! टाळ्या वाजणारच.

सिनेमा जिथं संपतो तिथून पुढचं मात्र कुणी सांगत नाही. करार झाला तो खालच्या लीगसाठी. दिनेशला २०१० मध्ये क्लबनं सोडून दिलं. रिंकू आणखी काही वर्षं खालच्या लीगमध्ये खेळला, दुखापती झाल्या, शेवटी तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. मेजर लीगच्या मैदानावर दोघांपैकी एकानंही कधी एक चेंडू टाकला नाही. दोघं हरले असं मला म्हणायचं नाही, जिथून निघाले ते बघता खूप लांब पोचले. पण ‘मेहनत केली की मिळतंच’ हे वाक्य त्यांच्या गोष्टीला चिकटवणं मला खोटं वाटतं. आणि हे वाक्य ऐकून लोक कर्ज काढतात, म्हणून ते नुसतं खोटं राहत नाही, महाग पडतं.

त्यापेक्षा आपल्या जवळचा बोलर घेऊ. पडघ्याहून निघालं आणि ट्रॅफिक नसेल (म्हणजे कधीच नाही) तर दोनेक तासांत शिवाजी पार्क येतं. तिथं घडलेला माणूस, पद्माकर शिवलकर. डावखुरा फिरकी गोलंदाज. ३ मार्च २०२५ ला ते गेले, वयाच्या ८४ व्या वर्षी. माझ्या बॅचमधल्या पस्तिशीच्या आतल्या पोरांना विचारलं तर एकालाही नाव माहीत नव्हतं, म्हणून आकडे आधी देतो.

प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. क्रिकेट कमी बघणाऱ्यांसाठी सांगतो, प्रत्येक विकेटमागं वीसपेक्षा कमी धावा, आणि तेही वीसेक वर्षं खेळून, हा फार वरचा दर्जा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर वीस वर्षं माल दिला आणि रिजेक्शन जवळपास शून्य.

त्यातला एक सामना बघा. १९७२-७३ ची रणजी फायनल, मुंबई विरुद्ध तमिळनाडू, मद्रासला, म्हणजे समोरच्याच्या घरात. खेळपट्टी अशी फिरत होती की मुंबईची टीम पहिल्या डावात १५१ वर गारद. मग शिवलकरांनी चेंडू हातात घेतला आणि १६ धावांत ८ जणांना घरी पाठवलं. तमिळनाडू ८० वर आउट. दुसऱ्या डावात मुंबई ११३, आणि तमिळनाडू ६१. त्यात शिवलकरांचे पुन्हा ५ बळी, १८ धावांत, आणि उरलेले ५ एकनाथ सोलकरांचे. मुंबईचं ते सलग पंधरावं रणजी विजेतेपद.

फिरणाऱ्या खेळपट्टीवर कुणालाही विकेट मिळतात असं म्हणणारे असतात. मिळत नाहीत. चेंडू खूप वळत असला की बोलरला मोह होतो, तो जास्तच वळवायला जातो आणि टप्पा सुटतो. अशा वेळी तोच तो टप्पा, तीच ती जागा, फक्त थोडा वेग आणि थोडी उंची बदलत राहायचं, याला फार थंड डोकं लागतं. शिवलकरांची ख्याती याच गोष्टीची होती.

आणि हा माणूस भारताकडून एकही टेस्ट खेळला नाही. एकही नाही.

आता आपल्याकडची सवय अशी की कुणाला काही मिळालं नाही की आपण लगेच शोधायला लागतो, याचं काय चुकलं? पुढं पुढं करता आलं नसेल. स्वतःचं मार्केटिंग केलं नसेल. स्वभाव बुजरा असेल. मी स्वतः एका ट्रेनरच्या तोंडून शिवलकरांच्या नावासकट असं ऐकलं आहे, ‘टॅलेंट होतं पण नेटवर्किंग नव्हतं.’ मला ते ऐकून राग आला होता आणि अजून येतो. कारण उत्तर इतकं सोपं आहे की त्यासाठी स्वभावात शिरायची गरज नाही. उत्तर तारखांमध्ये आहे.

शिवलकरांचा जन्म १४ सप्टेंबर १९४० चा. बिशनसिंग बेदींचा १९४६ चा. दोघं डावखुरे, दोघं एकाच प्रकारची फिरकी टाकणारे. भारतीय संघात अशा बोलरची जागा सहसा एकच. बाकी फिरकीला प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन होतेच. १९६६ संपता संपता बेदी संघात आले तेव्हा शिवलकर २६ वर्षांचे होते, ऐन उमेदीतले. बेदी ६७ टेस्ट खेळले, २६६ बळी घेतले आणि १९७९ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर गेले. जागा रिकामी झाली. सप्टेंबर १९७९ मध्ये मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ती मिळाली दिलीप दोशींना. त्यांचा जन्म १९४७ चा, तेही वर्षानुवर्षं थांबलेलेच होते, पहिल्याच डावात त्यांनी ६ बळी घेतले. त्याच आठवड्यात शिवलकरांना ३९ पूर्ण झाली.

संपलं. एवढंच आहे ते. दोशींनी असं काहीतरी केलं जे शिवलकरांनी केलं नाही, असं नाही. दोशी सात वर्षांनी उशिरा जन्मले.

हे शिवलकरांचं एकट्याचं नाही. हरियाणाचे राजिंदर गोयल घ्या. तेही डावखुरे, प्रथम श्रेणीत ७५० बळी, त्यातले ६३७ नुसत्या रणजीत. १९७४ मध्ये बंगलोरच्या टेस्टला शिस्तीच्या कारणावरून बेदींना बाहेर बसवलं होतं. एका सामन्यापुरती का होईना, जागा रिकामी. गोयलना बोलावलं, तयार राहा म्हणून सांगितलं, आणि सकाळी टीम जाहीर झाली त्यात त्यांचं नाव नव्हतं. पुन्हा कधीच आलं नाही. २०१७ मध्ये बीसीसीआयनं गोयल आणि शिवलकर दोघांना एकाच वेळी सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. टेस्ट न खेळलेल्या दोन माणसांना! सुनील गावसकरांनीही आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात जगभरच्या मोठमोठ्या खेळाडूंच्या रांगेत या दोघांना बसवलं आहे.

आता आपल्या हायवेवर येऊ. पडघ्यापासून भिवंडीपर्यंत गोदामांची रांग लागली आहे, आणि तिच्या आधारानं आपल्यापैकी किती जणांचे धंदे उभे आहेत ते तुम्हीच मोजा. लाकडी पॅलेट, खोके, टेंपो, लेबर, कँटीन, रॅकचं वेल्डिंग. आणि प्रत्येकाचं एक स्वप्न असतं: अमुक कंपनीत व्हेंडर म्हणून नाव लागलं की झालं.

माझ्या एका जुन्या बॅचमधला पॅलेट बनवणारा माणूस आहे. नाव देत नाही. एका मोठ्या गोदामाला तीन वर्षं सॅंपल देत होता. सॅंपल पास. रेट ठीक. ‘कळवतो’ म्हणायचे. त्या भरवशावर त्यानं दुसरं मशीन घेतलं, हप्ता सुरू झाला. मग त्याला वाटायला लागलं आपल्याच मालात खोट आहे. रेट खाली आणला, मग आणखी खाली. शेवटी कळलं की तिथं पॅलेटला एकच व्हेंडर ठेवतात, करार लांब मुदतीचा, आणि जो आहे तो चांगलं काम करतोय. म्हणजे तिथं बेदी बसले होते. या तीन वर्षांत कुणी त्याला फसवलं नव्हतं, आणि त्याचा मालही वाईट नव्हता. त्यानं विचारायला हवा होता तो प्रश्न एकच होता: जागा किती आहेत, आणि कधी रिकामी होणार आहे?

हा प्रश्न विचारायला आपल्याला लाज वाटते. का, ते मला आजवर समजलेलं नाही. समोरचा माणूस बहुतेक वेळा सरळ सांगतो.

इथं कुणी म्हणेल, सर, मग दुसरा रस्ता काढायचा. बरोबर. क्रिकेटमध्येही तो होता. ज्याला बॅटिंग येत होती तो डावखुरा स्पिनर मागच्या दारानं नाही, पुढच्याच दारानं आत जात होता. सलीम दुराणी बेदींच्या सोबत खेळले, कारण ते बॅट्समन होते. सोलकर टेस्ट खेळले ते बॅटिंग, शॉर्ट लेगचे झेल आणि वर थोडी बोलिंग, असं सगळं मिळून. मुंबईच्या संघात शिवलकरांच्या आधी बापू नाडकर्णी होते, तेही बॅट धरणारे. पॅलेटवाल्यानं पॅलेट दुरुस्तीही घेतली असती तर कदाचित त्याला लवकर शिरकाव मिळाला असता, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येकाला सगळं येत नाही, आणि एकच गोष्ट उत्तम करणाऱ्या माणसाला ‘तू चार गोष्टी का नाही केल्यास’ असं विचारणं मला पटत नाही. शिवलकरांना बॅटिंग फारशी येत नव्हती. बोलिंग येत होती.

मला या सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. वरची जागा मिळणार नाही हे सत्तरच्या दशकात कधीतरी त्यांना नक्की दिसलं असणार. तरी मुंबईची बोलिंग एक दिवस कमी दर्जाची झाली नाही. मुंबईच्या टीमला ते हवेच होते. रणजीत मुंबईसाठी ३६१ बळी, ते एका गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं दिलेला चोख माल आहे. आणि गिऱ्हाइकानं आठवणही ठेवली. खेळणं थांबवून काही वर्षं झाल्यावर, १९८७-८८ च्या मोसमात, वयाच्या ४७ व्या वर्षी मुंबईनं त्यांना परत बोलावलं. त्या वयात! आपण त्या वयात जिना चढताना कठडा धरतो.

फक्त एका बाबतीत माझं शिवलकरांशी जमत नाही. त्यांच्या मराठी आत्मचरित्राचं नाव आहे ‘हा चेंडू दैवगतीचा’. ते गायचेही छान, आणि नाव म्हणून ते सुरेल आहे. ज्यानं भोगलं त्यानं त्याला दैव म्हणावं, तो त्याचा हक्क. पण आपण बाहेरच्यांनी तसं म्हणू नये. दैव म्हटलं की हिशोब थांबतो. आणि ‘मेहनत कमी पडली’ म्हटलं तरी हिशोब थांबतोच, वर त्या माणसाचा अपमानही होतो. एक जागा, सहा वर्षांनी लहान असलेला एक अफाट माणूस, आणि त्या माणसाची तेरा वर्षांची कारकीर्द, हे सगळं मोजता येतं. हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला मोजता येईल असंच काहीतरी सांगायला हवं.

तो पॅलेटवाला आता वाशिंद आणि शहापूरकडच्या सात-आठ छोट्या कारखान्यांना माल देतो. दुसऱ्या मशीनचे हप्ते निम्मे फिटलेत. मोठ्या गोदामाला वर्षातून एकदा, मार्चमध्ये, फोन करतो आणि करार कधी संपतोय ते विचारतो.

रविवारच्या व्हिडिओत व्हेंडर नोंदणीचा फॉर्म ओळीनं भरून दाखवणार आहे. जीएसटी नंबर, उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट आणि मागच्या दोन वर्षांचं रिटर्न जवळ घेऊन बसा. सध्या किती व्हेंडर आहेत हा रकाना त्या फॉर्ममध्ये नसतो, ते फोनवर कसं विचारायचं तेही त्यात घेतो.