‘जर’चे विमान

१७ जून १९६१ रोजी बंगळूरला प्रथम उडालेल्या ‘मरुत’ या भारतीय लढाऊ विमानाला हवी तशी शक्तिशाली इंजिने १९९० मध्ये निवृत्त होईपर्यंत मिळाली नाहीत. मिळाली असती तर? या कल्पनेने मी पुठ्ठ्याचे ‘मरुत’ बनविले. त्याला मोठी इंजिने बसविली, पंखांवर केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळे रंगविली आणि शेपटीवर स्वदेशीची खूण म्हणून चरखा काढला.

सेवाग्रामला वाढलेले आजोबा म्हणाले, “बाळ, चरखा बाँब टाकत नसतो रे!”

मी निरुत्तर झालो. चरखा पुसला. माझे मत असे, की कल्पनेने इतिहासाला नवे इंजिन खुशाल द्यावे. पण ज्यांनी शस्त्र नाकारले, त्यांची खूण शस्त्रावर काढू नये. ‘जर’लाही सचोटी हवीच!