डेडलाईन आणि "होऊन जाईल"

डेडलाईन हा शब्द दिवसातून दहा वेळा आपल्या तोंडी येतो. त्याचं मूळ गाव आमच्या अटलांटापासून गाडीने दोनेक तासांवर आहे, हे मात्र इथल्याही फार लोकांना ठाऊक नसतं. गावाचं नाव अँडरसनव्हिल. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली, दक्षिणेकडच्यांनी तिथे उत्तरेच्या युद्धकैद्यांसाठी छावणी उघडली. ओंडक्यांच्या उंच तटाच्या आत साधारण १९ फुटांवर एक साधासा लाकडी कठडा होता. कैद्याने तो ओलांडला की मचाणावरचा पहारेकरी गोळी घालायला मोकळा. ती रेघ म्हणजे 'डेड लाईन'. छावणीत एकूण सुमारे ४५,००० कैदी आले आणि त्यातले जवळजवळ १३,००० उपासमारीने आणि रोगराईने तिथेच मेले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या वर्तमानपत्रवाल्यांनी शब्द उचलला आणि फिरत फिरत तो आपल्या हापिसात येऊन बसला.

एवढं पुराण सांगायचं कारण म्हणजे आपली बरीच मंडळी अजून डेडलाईनकडे त्या कठड्यासारखंच बघतात. पाय पलीकडे पडला की गोळी! म्हणून मग शेवटच्या दिवसापर्यंत कुणी तोंड उघडत नाही. माझं स्पष्ट मत असं आहे की कामाच्या ताणातला निम्मा ताण कामाचा नसतोच, तो ह्या गप्प बसण्याचा असतो.

खरोखर न हलणाऱ्या तारखा असतात, नाही असं नाही. ३१ डिसेंबर १९९९ ही तारीख कुणाच्या बापाला पुढे ढकलता येत नव्हती, आणि तिच्या कृपेने आपल्यातले कितीतरी लोक इकडे आले. पण ते काम पार पडलं कारण शहाण्या कंपन्यांनी काही वर्षं आधीच ते हातात घेतलं होतं. बाकी बहुतेक तारखा कुणीतरी एका मीटिंगमध्ये कॅलेंडर बघून टाकलेल्या असतात. त्यामुळे तारीख मिळाली की पहिला प्रश्न हा विचारावा, की ही कुणी ठरवली आणि ती चुकली तर नेमकं काय बिघडतं? दहातल्या निदान चार वेळा समोरचा डोकं खाजवतो.

वेळेचं नियोजन ह्या विषयावरची पुस्तकं इथल्या दुकानात पोत्याने मिळतात. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती, रंगीत वह्या, सकाळी पाचला उठा वगैरे. करा की, वाईट काहीच नाही. प्राणायामही करा. पण सहा आठवड्यांचं काम चार आठवड्यांत करायचं कबूल केलंत तर अनुलोम-विलोम करून ते पाचाचंही होत नाही.

खरी गोम अंदाजात आहे. १९९४ साली मानसशास्त्राच्या काही संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. बरं, सगळंच वाकडं गेलं तर? तर म्हणे ४९. प्रत्यक्षात सरासरी लागले ५५ दिवस! म्हणजे माणूस मुद्दाम वाईटात वाईट कल्पना करायला बसला तरी ती पुरेशी वाईट नसते. म्हणून मी अंदाज देताना कल्पना करत बसत नाही. मागचं तसलंच काम किती दिवस चाललं होतं ते जुन्या मेलांमध्ये बघतो आणि तो आकडा सांगतो. समोरच्याचा चेहरा पडतो, पण तो पहिल्या आठवड्यात पडलेला परवडतो.

शेवटच्या आठवड्यात पडला की काय होतं ते तुम्ही जाणताच. "अजून चार माणसं देतो!" आयबीएममध्ये एक प्रचंड प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ सालीच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली की ते आणखी लांबतं. पंगत बसल्यावर ऐनवेळी चार अनोळखी वाढपी आणून बघा. मीठ कुठे, कोशिंबीर कुठे, हे सांगण्यातच जुन्या वाढप्यांचा भात निवतो.

आता आपल्याकडची गोष्ट. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे अडीच झालेले असतात, हिवाळ्यात साडेतीन. इथला साहेब "आज संध्याकाळपर्यंत" म्हणतो आणि तिकडे हिंजवडीत एखादा पोरगा "होऊन जाईल सर" म्हणतो. हे "होऊन जाईल" इथल्यांना कळतच नाही. त्यांना वाटतं, होणार. आपल्या माणसाला मात्र ते ऐकताक्षणी कळतं, की हा जागणार आहे, घरचं जेवण थंड होणार आहे आणि तरीही होणार नाहीये. इथला एखादा गोरा इंजिनिअर सोमवारीच खुशाल सांगतो, "शुक्रवारी नाही जमणार, बुधवारी देतो," आणि पाचला मुलाच्या सॉकरला निघून जातो. त्याला कुणी कामचुकार म्हणत नाही, कारण बुधवारी तो खरंच देतो.

पण ह्यावरून "बघा, अमेरिकन किती शांत" असा धडा काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्या गोऱ्याची नोकरी गेली तर तो दुसरी शोधेल. एच-१बी वाल्याची गेली तर त्याला दुसरी शोधायला फार तर ६० दिवस मिळतात, नाहीतर बायकापोरांसकट चंबूगबाळं आवरायचं. घराचा हप्ता असलेल्या पुण्यातल्या पोराचीही तीच कथा. त्यांना "नाही म्हणायला शिका" असा उपदेश करणं सोपं आहे. बोलायची जबाबदारी आधी त्याच्यावर येते ज्याला बोलण्याची किंमत कमी मोजावी लागते, म्हणजे वरच्यावर. ग्रीन कार्ड खिशात असलेल्या माझ्यासारख्या मॅनेजरांवर तर नक्कीच.

आमच्या टीमशी मी दर मंगळवारी तिकडच्या संध्याकाळी, म्हणजे माझ्या सकाळच्या चहाला बोलतो. पूर्वीच्या एका कंपनीत फोनवर पहिला प्रश्न असायचा, "झालं का?" त्याला "होतंय" ह्याखेरीज उत्तर नसतं. मी विचारतो, "कशावर अडलंय?" पहिले काही आठवडे पलीकडे नुसती शांतता. मग एका मुलीने हळूच सांगितलं, की टेस्टिंगचं मशीन तीन दिवस बंद आहे. तारीख अजून अठरा दिवस लांब होती. मी त्याच दिवशी क्लायंटला मेल टाकली, आणि त्याने एका ओळीत उत्तर दिलं, ठीक आहे, तीन दिवस उशिरा द्या.