डबा नवा, तार जुनी

केबल टेलिव्हिजन नियमन कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीने देशातील केबलजाळी चार टप्प्यांत डिजिटल करण्याचे बंधन घातले. मुंबईला त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुणे, नवी मुंबई यांसारख्या शहरांना ३१ मार्च २०१३ ही मुदत मिळाली. खोपोली, कर्जत व माथेरान ही नगरपरिषदांची गावे असल्याने तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे ३१ डिसेंबर २०१५ च्या मुदतीत आली. चौक, वावोशी यांसारखी ग्रामपंचायतींची गावे मात्र चौथ्या टप्प्यात गेली आणि त्यांची मुदत ३१ डिसेंबर २०१६ वरून ३१ मार्च २०१७ पर्यंत लांबली. कागदोपत्री तरी खालापूर तालुक्यात नगरपरिषदेच्या हद्दीत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा आणि हद्दीबाहेर ऐच्छिक, असा विचित्र काळ त्यामुळे आला.

या तारखांपैकी बहुतेक हिवाळ्यातल्या किंवा उन्हाळ्याच्या तोंडावरच्या होत्या, हा तपशील क्षुल्लक वाटला तरी खोपोलीसारख्या घाटपायथ्याच्या गावातल्या तंत्रज्ञाने तो विसरू नये. ॲनालॉग पद्धतीत चित्र व ध्वनी सलग बदलणाऱ्या विद्युतलहरींच्या रूपात वाहत असल्यामुळे तारेत जितका गोंगाट मिसळेल तितक्या पडद्यावर मुंग्या दिसत. डिजिटल पद्धतीत तेच चित्र शून्य व एक या अंकांत बदलून येते, आणि अंक ओळखू येतात तोवर ते निर्दोष राहते, ओळखू येईनासे झाले की चौकटी पडून थिजते किंवा पडदा काळा होतो. स्वच्छ ॲनालॉग चित्रासाठी वाहक लहर गोंगाटापेक्षा सुमारे ४३ डेसिबलने वरचढ असावी लागे, तर केबलवर रूढ झालेली ६४-क्वाम ही पद्धत, जिच्यात एका संकेतचिन्हावर सहा बिट वाहून नेले जातात, ३० डेसिबलच्या आसपासही बिनतक्रार चालते. या सवलतीनेच घात केला, कारण डिसेंबरच्या कोरड्या हवेत बसवलेला डबा जुन्याच तारेवर सुरळीत चालला आणि तारेचे दुखणे पहिल्या मुसळधार पावसापर्यंत झाकले गेले.

ते दुखणे बहुधा घरातच असते. खिडकीच्या चौकटीतून आत आलेली तार कपाटामागे सोललेली, तांब्याचा गाभा दुसऱ्या तारेशी हाताने पिळलेला, वर काळी चिकटपट्टी, आणि पुढे बाजारातला स्वस्त स्प्लिटर, अशी जोडणी ॲनालॉग काळात सर्रास होती, कारण एका जोडणीवर बाहेरच्या खोलीतला, स्वयंपाकघरातला आणि आजीच्या खाटेसमोरचा असे तीन टीव्ही चालत व त्याचे वेगळे पैसे बहुतेक ठिकाणी मागितले जात नसत. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर साधारण साडेतीन ते चार डेसिबल खातो, चार वाटांचा सात ते आठ. डिजिटल झाल्यावर प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र डबा लागू लागला. स्वयंपाकघरातला टीव्ही अनेक घरांत त्याच वेळी बंद पडला, पण त्याच्याकडे जाणारी मोकळी तार स्प्लिटरला तशीच लटकत राहिली, आणि अशी मोकळी टोके परावर्तित लहरी व बाहेरचा गोंगाट जाळ्यात ओढून आणतात. ज्येष्ठांची अडचण निराळी: दोन रिमोट आणि तीन आकडी वाहिनी-क्रमांक. तिच्याकडे केबल व्यवसायाने पुरेसे लक्ष दिले नाही, हे मान्य करायला हवे.

दुसऱ्या डब्याच्या दरावर दूरसंचार नियामक प्राधिकरण उशिरा बोलले. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या रचनेत पहिल्या १०० वाहिन्यांसाठी जाळेशुल्क कमाल १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे ठरले. त्याच घरातील पुढच्या टीव्हीसाठी त्याच्या ४० टक्क्यांहून अधिक घेऊ नये, हे बंधन २०२० साली आले, आणि २०२४ साली तर शुल्काची कमाल मर्यादाच उठली. वेगळा करार नसेल तर या शुल्कात मुख्य वितरकाचा वाटा ५५ आणि स्थानिक चालकाचा ४५ टक्के असतो. तारेची देखभाल करणाऱ्याला लहान वाटा मिळतो ही चालकांची तक्रार रास्तच आहे, पण तिचा आधार घेऊन घरातला जोड न पाहता नुसता डबा बदलून परतण्याची जी सवय पडली, तिचे समर्थन करता येत नाही.

घरावरच्या उपग्रह-तबकडीशी असलेल्या स्पर्धेत केबलची बाजू पावसात खरे तर भक्कम असते. घरावरच्या छोट्या तबकडीचा केयू-पट्टा ११ ते १२ गिगाहर्ट्झचा असल्याने दाट सरी त्याला गिळतात, तर केबलच्या नियंत्रणकक्षातील मोठ्या तबकड्या बहुतांशी ४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सी-पट्ट्यावर चालतात आणि त्यांना पावसाचा त्रास फार कमी होतो. (घाटाची भिंत तबकडीला आड येते हा समज चुकीचा आहे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ उपग्रह खोपोलीहून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंच असतो.) दूरदर्शनच्या फ्री डिशला मासिक शुल्क नसल्याने वाड्यापाड्यांतील कुटुंबांनी ती स्वीकारली, तर दूरदर्शनचे जमिनीवरील ॲनालॉग प्रक्षेपकही मोजके वगळता २०२२ पर्यंत बंद झाले. पावसाच्या या फरकामुळे जुलैतल्या रात्री बातम्या पाहू इच्छिणाऱ्या घरात केबल चालू आणि तबकडी बंद, असे चित्र दिसायला हवे. प्रत्यक्षात खांबावरच्या जोडात पाणी शिरून केबलही बंद पडते.

मुंग्यांच्या काळात ग्राहक बिघाडाचे वर्णन करीत असे, आता तो फक्त ‘दिसत नाही’ एवढेच सांगतो, म्हणून निदान मापकावरच करावे लागते. संकेताची शुद्धता दाखवणारा एमईआरचा आकडा डब्याच्या तोंडाशी २८ डेसिबलखाली असेल, तर आज चित्र स्वच्छ दिसत असूनही तो जोड मे महिन्यातच कापून नव्या एफ-कनेक्टरने बांधावा आणि स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडांवर ७५ ओहमची टोपणे बसवावीत.