मोठी चाके, अपुरी कमान आणि कायद्याची चौकट

महाराज माधवराव शिंदे यांनी १९०५ मध्ये सुरू केलेली ग्वाल्हेरची व्यापार जत्रा आज प्रामुख्याने वाहनविक्रीसाठी ओळखली जाते. येथे विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या रस्ता करात मध्य प्रदेश सरकार ५० टक्के सवलत देते. २०२५ मध्येही ती देण्यात आली. या जत्रेतून बाहेर पडणाऱ्या पिकअप वाहनांपुढे चंबळच्या घळींचे रस्ते असतात आणि मालकांपुढे मूळ टायर काढून मोठे बसवण्याचा मोह. हा मोह ग्वाल्हेरपुरता नाही. गोव्यातील खडबडीत वाटा आणि पावसाळी घाट पाहणाऱ्या वाहनमालकालाही तो होतो. मात्र त्याची किंमत दुकानाच्या पावतीवर पूर्ण लिहिलेली नसते.

हिशेब साधा आहे. २६५/६५ आर १७ या टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर, तर २८५/७० आर १७ चा सुमारे ८३१ मिलिमीटर भरतो. म्हणजे वाढ सात टक्क्यांची. परंतु जमिनीपासूनची उंची वाढते ती अवघी २७ मिलिमीटर. उलट वेगदर्शक ताशी ८० किलोमीटर दाखवत असताना वाहन प्रत्यक्षात ८५ च्या पुढे धावत असते. चाक जड झाल्याने ब्रेकवरील ताण वाढतो आणि इंजिनाची ओढ कमी होते.

त्याहून मोठा प्रश्न घासण्याचा. पुढचे चाक पूर्ण वळवले की टायरची बाहेरची कड कमानीच्या मागील भागाला वा मडफ्लॅपला लागते आणि आतली कड सस्पेन्शनच्या भागांना. रिम बाहेरच्या बाजूला सरकणारी घेतली, तर आतले घासणे थांबते. पण चाक वळताना अधिक मोठा फेर घेते आणि बाहेरचे घासणे वाढते. उंची वाढवणारे कीट बसवले, तर उभ्या वाहनात भरपूर जागा दिसते. परंतु खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबले की चाक पूर्वीइतकेच वर येते. त्याला रोखणारे रबरी ठोकळे बदललेले नसतील, तर टायर कमानीला भिडतोच. शिवाय गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर उलटण्याचा धोका वाढतो.

खरी गफलत चाचणीत होते. दुकानात रिकामे वाहन सपाट जमिनीवर उभे करून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फिरवले जाते आणि ‘घासत नाही’ असा निर्वाळा मिळतो. तेच वाहन माल भरून चोर्ला वा अनमोड घाटाच्या वळणावर आले की मागचे पाटे दबतात, पुढचे चाक वळलेल्या अवस्थेत खड्ड्यात उतरते आणि टायरची बाजू कापली जाऊ लागते. ही झीज बाहेरून दिसत नाही. म्हणून चाचणी घ्यायची, तर ती नेहमीचा भार ठेवून, एक चाक उंचवट्यावर चढवून आणि स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवूनच घ्यायला हवी.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मालवाहू वाहनाबाबत तर कलम ५८ नुसार प्रत्येक चाकाच्या टायरचा आकार आणि आसावरील भार यांची नोंदणी दफ्तरातच होते. श्रीनगरमध्ये २०२२ साली मोठे टायर आणि इतर फेरबदल केलेल्या वाहनाच्या मालकास सहा महिन्यांची शिक्षा झाली. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याची तुरुंगवासातून सुटका झाली. अपघातानंतर न कळवलेला बदल आढळल्यास विमा कंपनीला दावा नाकारण्यास कारण मिळते, ते वेगळेच.

तरीही कायद्याची एक बाजू लंगडी राहते. फेरबदलाच्या या कलमाचा रोख मालकावर आहे. टायर बसवून देणारा, कमान कापून देणारा कारागीर त्याच्या कक्षेबाहेर राहतो. दुसरीकडे, २०१९ च्या दुरुस्तीने फेरबदलांचे निकष आणि मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. त्याचा उपयोग करून प्रत्येक मॉडेलसाठी मान्य टायर आकारांची यादी मालकाला सहज पाहता येईल अशी व्यवस्था झाली, तर मालकाला चोरवाट शोधावी लागणार नाही.

तोवर सुरक्षित मार्ग एकच उरतो. उत्पादकाने त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत दिलेला आकार निवडावा, भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी, सुटे चाकही त्याच मापाचे ठेवावे आणि बदलाआधी वाहतूक खाते व विमा कंपनी यांना लेखी विचारावे. करसवलतीत वाचलेले पैसे दंडात आणि कापलेल्या टायरांत घालवण्यापेक्षा हे सोपे आहे.