दिवा विझवू नका, दोष शोधा



हल्ली काट्यावर, पतसंस्थेत, लग्नाच्या मांडवात एक वाक्य सारखं कानावर येतं : "इथेनॉलच्या पेट्रोलनं गाडीचा दिवा लागला." बोलणारा परका नसतो. ज्याच्या उसाच्या मळीपासून ते इथेनॉल तयार होतं, तो आपलाच सभासद असतो. म्हणून या तक्रारीचा निकाल रागानं किंवा अभिमानानं नव्हे, तपासणीनं लागला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम हा दिवा काय आहे ते पाहू. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा ऑईल किंवा पाणी संपल्याचा नव्हे. त्यांचे दिवे वेगळे. धुरातून बाहेर पडणारा विषारी वायू वाढेल असा काही दोष गाडीच्या संगणकाला दिसला की हा दिवा लागतो. सायलेन्सरच्या आधी नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मोलाचे धातू असतात आणि त्यावरून जाताना विषारी वायूंचे रूपांतर होते. पण हे काम नीट व्हायला हवा आणि इंधन यांचे प्रमाण अचूक लागते. ते राखण्यासाठी ऑक्सिजन सेन्सर धूर तपासतो आणि संगणक त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. आपल्या प्रयोगशाळेत रसाचा नमुना तपासून प्रक्रिया सुधारतात, तसाच हा प्रकार.

आता इथेनॉलकडे येऊ. १ किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. १ किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त सोडावं लागतं. धडधाकट गाडीचा संगणक एवढी दुरुस्ती सहज करतो. पण हवेची रबरी नळी आधीच तडकलेली असेल, तर जादा शिरलेल्या हवेची भरपाई करण्यातच त्याची बरीच ताकद खर्च झालेली असते. वर २० टक्क्यांचे पेट्रोल आले की मर्यादा संपते आणि दिवा लागतो. लोक म्हणतात इथेनॉलनं केलं. खरं तर दुखणं जुनंच होतं, इथेनॉलनं ते उघडं पाडलं.

याचा अर्थ इथेनॉल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. २०२१ साली केंद्र सरकारच्या आराखड्यातच लिहिले आहे, की १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज २० टक्क्यांना सुमारे ६ ते ७ टक्के घटू शकते. जुन्या गाड्यांतील काही रबर आणि प्लॅस्टिकचे भागही त्यासाठी बनवलेले नाहीत. २००१ साली मिरज आणि मनमाड इथं मिश्रणाचे पहिले प्रयोग झाले, तिथपासून आपण या मालाचे भागीदार आहोत. आपल्या मालाचा दोष असेल तर तो आपणच आधी मान्य करावा. नसेल तर उगाच पदरात घेऊ नये. दोन्हीसाठी पुरावा लागतो, आणि तो गाडीतच साठवलेला असतो.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला स्कॅनर लावला की दोषाचा आकडा मिळतो. उदाहरणार्थ पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरचे काम कमी पडतेय. मात्र आकडा म्हणजे निकाल नव्हे, तो पत्ता आहे. पी ०१७१ आला म्हणून लगेच सेन्सर बदलायचा नसतो. आधी एअर फिल्टरपुढच्या नळ्या पाहा. उसाच्या पट्ट्यात उंदीर वायर-नळ्या कुरतडतात, हे सांगायला नको. मग हवा मोजणारा सेन्सर साफ करा, पेट्रोलचा दाब मोजा, सायलेन्सरच्या नळीला गळती आहे का ते बघा. शेवटी ऑक्सिजन सेन्सर. कन्व्हर्टर तर सगळ्यात शेवटी. कारण तो सहसा आपणहून मरत नाही, त्याला दुसरं कोणीतरी मारतं. प्लग नीट पेटत नसेल तर न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. अशा वेळी दिवा नुसता लागत नाही, लुकलुकतो. लुकलुकता दिवा दिसला की गाडी पळवू नका, जमेल तितक्या लवकर बाजूला घ्या.

आणि होतं काय? काही मेस्त्री बॅटरीची वायर काढून परत लावतात. दिवा जातो, आकडा पुसला जातो, आठ दिवसांनी दिवा पुन्हा हजर. काही जण याच्या पुढं जातात : "कन्व्हर्टर काढून टाका, गाडी मोकळी पळेल." सभासद खूश. पण काढलेला कन्व्हर्टर भंगारात जात नाही. त्यातल्या धातूंमुळे त्याला चांगली किंमत मिळते, ती कुणाच्या खिशात गेली हे कोणी विचारत नाही. नवा बसवायला मात्र पाच आकडी रक्कम मोजावी लागते. आणि तो विषारी धूर आपल्याच गल्लीत, आपल्याच लेकरांच्या नाकात जातो. उतारा कमी दिसला म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लावणाऱ्या कारखान्याला आपण काय म्हणू?

म्हणून सभासदांना विनंती अशी की दिवा लागला तर आधी आकडा वाचून घ्या, कागदावर लिहून ठेवा आणि कारण सापडेपर्यंत तो पुसू देऊ नका. बदललेला जुना भाग मेस्त्रीकडून मागून घ्या.

आणि संचालक मंडळाला सूचना अशी, की कारखान्याच्या वाहन विभागात एक चांगला स्कॅनर आणि तो वाचता येणारा माणूस ठेवावा आणि नाममात्र फी घेऊन सभासदांच्या गाड्या तपासून द्याव्यात. आलेले आकडे, गाडीचे साल आणि सापडलेले कारण एका वहीत लिहावे. दोन हंगामांत आपल्याकडे आपला स्वतःचा हिशेब तयार होईल : किती दिवे इथेनॉलचे, किती उंदराचे आणि किती आपल्या दुर्लक्षाचे. वार्षिक सभेत हा विषय मी मांडणार आहे. सभासदांनी साथ द्यावी.

— एक ऊस उत्पादक सभासद